मालिशीतली हळद

१९ फेब्रुवारी १९८४, पौड

बाळंतपणाचा चिल्ला अजून चालूच. चाळीस दिवस खोलीबाहेर पाऊल नाही, पाण्यात हात नाही — अम्मीचा हुकूम! डिंकाचे लाडू खाऊन गाल वर आलेत. खोटं कशाला बोलू, मजेत आहे. सासरी पिरंगुटला गेल्यावर एवढे लाड कोण करतंय!

शेजारच्या गोजरामावशी रोज येतात. तेल, हळद, बेसन लावून अमजदला मालिश, मग आंघोळ. दुपटीही त्याच धुतात. "सोन्यावानी रंग हाय पोराचा!" म्हणतात. खरंच पिवळाधमक दिसतो. अम्मी म्हणते, हळद चढलीय अंगाला.

२६ फेब्रुवारी

अन्वर आले होते. लेकाला उचललं आणि पांढऱ्या सदऱ्यावर हळद! तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी पोट धरून हसले.

८ मार्च

चिल्ला संपला! न्हाले, नवी साडी नेसले. अमजदची दुपटी आज स्वतः धुवायला घेतली, हौसच होती. शी पांढरी. चुन्यासारखी.

गोजरामावशींना दाखवली. "पयल्यापासनं तशीच हाय की! दूध पितंय, पांढरीच व्हनार." मीही हसले. मग त्याला अंगणात उन्हात घेतलं. खोलीत अंधारच असायचा. उन्हात बघते तर डोळेसुद्धा पिवळे.

डोळ्यांना कुणी हळद लावत नाही.

९ मार्च

इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. लगेच पुण्याची चिठ्ठी लिहिली.

१४ मार्च, पुणे

पित्ताची नळी जन्मतःच बंद आहे म्हणे. पित्त यकृतातच साठतंय, यकृत खराब होतंय. पोट उघडून आतडं थेट यकृताला जोडायचं. जमलं तर शीला रंग येईल. काहीच केलं नाही तर वर्ष, दीड वर्ष. "आधी का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.  गोजरामावशींवर राग तरी कसा धरू? तो रंग मलाही आवडायचा.

अन्वर लगेच म्हणाले, "करू."

मी विचारलं, "आणि पुन्हा बंद पडलं तर?"

डॉक्टर चांगले. लपवलं नाही. "पुन्हा उघडता येतं. पण एवढ्या हालांनंतर हाती फारसं काही लागत नाही."

बाहेर बाकावर बसून आम्ही ठरवलं. एकदा करायचं. रंग येऊन पुन्हा गेला, तर लेकराला परत कापायचं नाही. घरी न्यायचं. बोलले मीच. रडले अन्वर. मी नंतर, नळापाशी.

२३ मार्च

हिरवी! ऑपरेशन होऊन पाचवा दिवस, आणि शी हिरवी!! दुपटं तसंच घेऊन बाहेर धावले. अन्वर त्या दुपट्याकडे ईदचा चाँद दिसल्यासारखे बघत राहिले. मग अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले. कशाचे पेढे, ते कुणी विचारलं नाही, बरं झालं!

६ एप्रिल, पौड

घरी आलो. गोजरामावशी दारातच उभ्या, आत येईनात. "माज्यामुळं झालं का गं, पोरी?"

"नाही हो मावशी. जन्माचंच होतं ते." हात धरून आत आणलं. मालिश त्यांनीच करायची. फक्त नुसतं तेल — हळद बंद! रंग कळायला हवा. दुपटी मात्र मी धुणार.

२ मे

गुटगुटीत झालाय. माझ्या अब्बांना बघून हसतो, मला बघून त्याला फक्त भूक लागते. लबाड! अम्मी रोज सकाळी बाजारभाव विचारावा तसं विचारते, "आज शीचा रंग काय?" पिवळा, अम्मी, पिवळा! मावशींनी पाटीभर करवंदं आणली. अंगणात बसून सगळ्यांनी जांभळी तोंडं केली. मला आणखी काही नको.

१७ मे

चार दिवस ताप होता. पुण्याला नेलं, इंजेक्शनं झाली. उतरला. शी जरा फिकी वाटते. उन्हाळा आहे.

२४ मे

पांढरी. तीन दिवस पांढरीच. डोळे पुन्हा पिवळे.

अन्वर आलेत. बाकावर ठरलं होतं तेच. कुठेही न्यायचं नाही. अमजद त्यांच्या मांडीवर हसतोय.

मावशी तेल घेऊन आल्या. म्हटलं, "मावशी, आजपासून हळद घाला."