अब्नरच्या हातावरची पाकोळी

सोमवार, २६ सप्टेंबर २०१६

कॉनी शिपली येऊन गेली. एप्रिलात तिचा नवरा अब्नर गेला, त्यानंतर पहिल्यांदाच माझ्या गोंदणाच्या दुकानात. हल शहराच्या जत्रेत यंदा त्यांच्या गरगर फिरणाऱ्या गाड्यांवर अब्नरचं चित्र हवंय – दर्शनी फलकावर, मधोमध. आजारपणातला अब्नर नको, विशीतला. १९७५चा फोटो दिला. बाह्या दुमडलेल्या, ओठात सिगारेट, तोरा असा की जत्रा जणू याच्या बापाची. (होतीच म्हणा, निम्मी.)

"हातावरच्या गोंदणासकट काढ, गिल. त्याशिवाय तो अब्नर वाटायचाच नाही."

जत्रा सात तारखेला उघडते. अकरा दिवस! हो म्हणून बसले.

गुरुवार, २९ सप्टेंबर

चेहरा झाला. एअरब्रशचा कॉम्प्रेसर म्हाताऱ्यासारखा खोकतोय, पण गालावरची सावली छान उतरली. अक्षरं मात्र ब्रशनंच, काठीवर हात टेकून. शेजारचा म्हणतो, संगणकावर कापून चिकटव, दोन तासांचं काम. चिकटव बाबा तुझ्या दुकानावर.

शनिवार, १ ऑक्टोबर

डावा हात अडला. फोटोत त्यावर ऊन पडलंय, नुसता पांढरा पट्टा. अब्नरच्या हातावर शिडाचं मोठं जहाज होतं, ते साऱ्या हलला माहीत. पण १९७५ साली होतं का?

विल्फची वही काढली. माझ्याआधी हे दुकान त्याचं, आणि मी त्याचीच शिष्या, गोंदणातही आणि जत्रेचे फलक रंगवण्यातही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं गोंदण तो जलरंगात वहीत उतरवायचा, खाली नाव, तारीख. सापडलं! 'अ. शिपली, एप्रिल १९७४, डावा हात' – एक पाकोळी, चोचीत फीत, फितीवर '९ मार्च १९७४'. आणि सत्त्याहत्तरच्या पानावर ते झाकायला केलेलं जहाज, कॉनीशी लग्न झालं त्याच्या आदल्या आठवड्यातलं.

म्हणजे फोटोतल्या हातावर पाकोळीच. तीच काढली, विल्फचीच निळी छटा, फितीवरचा आकडा न् आकडा. स्वतःवरच खूश आहे. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून जहाज काढून मोकळा झाला असता.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

कॉनी चित्र बघायला आली. चेहरा बघून हसली, "मेल्या" म्हणाली त्याला. मग नजर खाली आली, आणि ती रंगाच्या डब्यावर मटकन बसली. चेहरा चुन्यासारखा.

"हे कुठून आणलंस?"

वही दाखवली. तिनं हात लावला नाही.

"झाक. विल्फनं झाकलं होतं तसंच झाक. शुक्रवारच्या आत. आणि तोवर कुणाला दाखवू नकोस."

चहा तसाच टाकून गेली. तिच्या आधीची कुणीतरी बाई असणार, दुसरं काय? सव्वीस वर्षं मी लोकांची जुनी प्रेमं झाकतेय. आणि इथे मेलेल्या माणसानं झाकलेलं उघडून त्याच्या बायकोपुढे टांगलं – अचूकपणाच्या हौसेपायी! माझ्याइतकी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही. चाळीस वर्षांचा संसार होता तिचा.

बुधवार, ५ ऑक्टोबर

जहाज कागदावर उतरवलं. रेषांवर भोकं पाडली. उद्या कोळशाची पूड दाबून फलकावर ठसा घ्यायचा.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

लिनेट दिव्यांची पेटी घेऊन आली. कॉनीची धाकटी बहीण, जत्रेत प्लास्टिकची बदकं गळानं पकडायच्या खेळाचा गाळा चालवते. कॉनीनं तिला पाठवलं, म्हणजे पाकोळीवर जहाज काढून झालंय असं धरूनच. मी आत चहा ठेवत होते. बाहेर येते तो हिनं फलकावरची चादर ओढलेली.

"दाजी काय दिसतात गं! ... गिल, ही माझी जन्मतारीख आहे."

योगायोग असेल, म्हणाले. खोटं बोलायला मला जमत नाही.

"तेव्हा तर दाजींचं लग्नही नव्हतं. अक्का सतराची. मी झाले तेव्हा आई अठ्ठेचाळीसची – जन्मभर ऐकवायची, म्हातारपणी देवानं दिलं म्हणून..." हसत सुरुवात केली होती तिनं. मधेच हसू गेलं. बेचाळीस वर्षांची बाई, शाळेतल्या मुलीसारखी बोटांवर काहीतरी मोजत होती. मग तिनं बोटं मिटली. माझ्याही डोक्यात तेव्हाच लख्ख प्रकाश पडला. कसली आधीची बाई! मी दोन दिवस भलतंच समजून बसले होते.

"अक्कानं झाकायला सांगितलंय?"

मी मान डोलावली.

"झाकू नकोस."

"ती मला उभी चिरेल, लिनेट."

"मग तिला सांग, स्वतः येऊन झाक म्हणावं."

गेली. दिव्यांची पेटी इथेच. विचारायला त्यांची आई नाही, बारा वर्षं झाली तिला जाऊन. अब्नर नाही. उरली एकटी कॉनी, आणि तिनं बेचाळीस वर्षं तोंड उघडलेलं नाही. चार वेळा फोन केला, उचलत नाही. पूड भरलेली पिशवी हातात धरून तासभर फलकासमोर उभी राहिले. माझ्या हातानं दोघींतल्या एकीचं वाटोळं होणार. कुणाचं, ते मी ठरवायचं?

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

झाकलं नाही. दुपारी फलक चढला. कॉनी खाली दिव्यांच्या बटणापाशी उभी, माझ्याकडे ढुंकूनही बघेना. लिनेट शिडीवर, शेवटचा दिवा बसवत होती. साऱ्या खेळवाल्यांच्या देखत ती वरून मोठ्यानं म्हणाली, "झालं, आई. लाव आता." कॉनीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग तिनं बटण दाबलं.