गुरुजींची मान

३ ऑक्टो., नांदेड
गुरुजींचा पुतळा मातीत पुरा झाला. भोकरकडच्या गावात, शाळेपुढं बसायचाय. कमिटीचे अध्यक्ष बघून गेले. "मान सरळ करा ना राव. वाकडी लई बेकार दिसून राहिली." गुरुजींना एका कानानं ऐकू यायचं नाही. पोरगं बोललं की मान कलती करून चांगला कान पुढं करायचे. मीही त्यांच्याच वर्गातला. सगळं माहीत असून आतली सळई वाकवली, मान सरळ केली. आता चौकातला कुणीही पुढारी वाटतोय. अध्यक्ष खूष.

९ ऑक्टो.
शलाकाकडं पोचलो. लेक नोकरीला इटलीत, पार दक्षिण टोकाला. ओतारी गफूरभाईंना बजावून आलोय, मी येईपर्यंत ब्राँझचं ओतकाम नको.

१० ऑक्टो.
समुद्र दारातच. पाणी मोरचुदाच्या रंगाचं, तळातले गोटे दिसतात. उतारावरच्या लिंबाच्या बागा थेट पाण्यापर्यंत. समोर सिसिलीचे डोंगर. आपण गोदाकाठची माणसं, पलीकडचा काठ दिसला की बरं वाटतं. बराच वेळ बसलो. चहा मात्र बेचव.

११ ऑक्टो.
म्युझियम. समुद्रातून निघालेले दोन ग्रीक योद्धे, ब्राँझचे. ओठ तांब्याचे, दात चांदीचे, हातावरची शीर न् शीर जागेवर. तीस वर्षं पुतळे करतोय, लाज वाटली.
पण पाय अडले ते शेजारच्या म्हाताऱ्यापाशी. नुसतं डोकं, तेही समुद्रातलंच. लांब दाढी, बाकदार नाक, कपाळ उघडं पडलेलं. देखणा मुळीच नाही. आपल्याकडच्या कुठल्या कमिटीनं पास केला नसता.
शलाका : "बाबा, कोण होता हा?"
नक्की कुणालाच ठाऊक नाही म्हणे. नाव गेलं, माणूस राहिला. आमच्या गुरुजींचं उलटं होणार, मोठ्या अक्षरात नाव आणि वर भलताच कुणी. आणि ते माझ्या हातानं.

१२ ऑक्टो.
किनाऱ्यावर बसून वहीत मान काढली. सात-आठदा. शलाका वैतागली, "सुट्टीला आलात का कामाला?"
भीती वाटते. पुन्हा कलती केली तर काम जाईल, पुढच्या दोन गावांची कामंही जातील. अध्यक्षांचे पाहुणे सगळीकडं.

१९ ऑक्टो., नांदेड
आल्या आल्या मान कलती केली. गफूरभाई बघत उभे. "उस्ताद, अध्यक्षसाहेब बिघडतील. ओतल्यावर मग काय बी करता येनार न्हाई."
"हाव," म्हणालो. मान मात्र तशीच ठेवली.

२१ ऑक्टो.
गुरुजींच्या पत्नीला, बाईंना, बोलावून घेतलं, अध्यक्षांना न सांगता. एस.टी.नं एकट्याच आल्या. पुतळ्यासमोर कितीतरी वेळ उभ्या. वाटलं, फसलो. घाई केली, उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास.
मग त्या वळसा घालून चांगल्या कानाच्या बाजूला गेल्या. टाचा उंचावून तोंड जवळ नेलं.
"अवो, मी आले."
मला बघवेना. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आलो तर बाई स्टुलावर बसलेल्या, पदरानं डोळे पुसत. म्हणालो, "बाई, उद्या अध्यक्ष येणार आहेत. मान सरळच पाहिजे म्हणतात."
"येऊ द्या की त्यांला," बाई म्हणाल्या. "मी हाय उद्या हितंच."