चाचणीचा धडा आणि तांब्याभर पाणी

स्मोल्यान,
सोमवार, २ ऑक्टोबर

ती. स्ताम्काआत्यास,

सा. न. वि. वि., पण त्याआधी एक दुरुस्ती. नोकरीसाठीचा माझा चाचणीचा ऑनलाइन धडा संस्थेच्या यंत्रणेतल्या बिघाडानं मधेच बंद पडला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. तो आईनं बंद पाडला.

काल खोली झाडताना टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड उचलला, तर तो काळा पडलेला आणि एका भोकात जिरेनियमचं वाळकं पान. राउटर त्यालाच जोडलेला होता. आई बटाटे सोलत होती, तिला विचारलं. तर म्हणाली की परीक्षेला निघालेल्या लेकराच्या वाटेवर, काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून, पाणी ओतायचं नाही तर काय करायचं? मी घराबाहेर पडलेच नाही, म्हणून तिनं शुभाची जिरेनियमची पानं घातलेला तांब्या माझ्या खोलीच्या दाराशीच रिकामा केला. पाणी दाराखालून माझ्या नकळत टेबलाखाली आलं. धडा बंद पडला म्हणून मी किंचाळले, ते तिला आनंदानं ओरडल्यासारखं वाटलं म्हणे!

हसू नकोस. मी संस्थेच्या मुख्य रान्गेलोवाबाईंना कळवलं होतं की तुमच्याकडून संपर्क तुटला. त्यांनी गेल्या सोमवारच्या बैठकीत सगळ्या शिक्षकांदेखत कामेनला झापलं. थेट वर्गांची यंत्रणा तो सांभाळायचा. आता त्याला जुने धडे विषयवार लावत बसवलंय. आणि मला, चूक संस्थेची म्हणून, दुसरी चाचणी न घेताच नोकरी दिली. मंगळवारी, दहा तारखेला, माझा पहिला वर्ग आहे. ज्यांच्या गावातली शाळा बंद झाली, अशी चौथीची मुलं. मी तशीच होते, फक्त मला तू होतीस. गिरणीपर्यंतचा रस्ता दोरीनं मोजायला लावून तू मला नकाशा शिकवलास, तोच धडा त्यांना द्यायचा आहे.

खरं सांगितलं तर नोकरी जाईल. काय करू?

लोभ आहे तसा राहू दे, निदान उत्तर येईपर्यंत.

तुझी,
झोर्नित्सा

त्रिग्राद,
बुधवार, ४ ऑक्टोबर

चि. झोर्नित्सास,

आत्याचे आशीर्वाद, त्यातले थोडे आईलाही दे. बसच्या ड्रायव्हरनं तुझं पत्र आणून दिलं, आणि मी इतकी हसले की त्यालाही वाचून दाखवावं लागलं.

आईवर रागावू नकोस. आदल्या दिवशी तिनं मला फोन करून विचारलं होतं की कंप्युटरवरच्या परीक्षेला पाणी कुठे ओतायचं. मी, जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, ठणकावून सांगितलं की उंबरा तो उंबरा, आणि हात आखडता घेऊ नकोस. तेव्हा बाईंना खुशाल माझं नाव सांग. माझी पेन्शन कोण काढून घेतंय?

पण इतक्यात सांगू नकोस. आधी महिनाभर शिकव. मुलांना तुझा लळा लागला की बाईंना तुला काढणं जमायचं नाही. मग हळूच त्यांच्या कानावर घाल. कामेन तोवर जुने धडे लावेल, त्यानं कोणी मरत नाही. तो दिसायला कसा आहे हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे बरा असावा.

बटाटे काढायला आलेत. जेवत जा. माझी माया धरून ठेव, सल्ला नाही आवडला तरी.

स्ताम्काआत्या

स्मोल्यान,
शुक्रवार, ६ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. तुझ्या ड्रायव्हरनं आज थांब्यावर सगळ्यांसमोर विचारलं की प्रवासाला निघताय तर पाणी ओतू का. तुला पुन्हा काही लिहावं की नाही, असं झालंय.

काल कामेनचा फोन आला. त्यानं माझी माफी मागितली, आत्या. काम संपल्यावर रोज तो बिघाड शोधत बसतो, सापडत नाही. हे काम आपल्याला येतच नसावं, असं त्याला आता वाटू लागलंय. सोमवारी सांगते, एवढंच म्हणाले.

महिनाभर मला थांबता येणार नाही. मुलांना लळा लावून मग सांगायचं, म्हणजे बाईंचे हात बांधून सांगायचं. आणि हळूच तर नाहीच. तो सगळ्यांदेखत बोलणी खाऊन बसला, तर सगळ्यांदेखतच सुटला पाहिजे. मग मी दुसरी चाचणी मागेन. नाही मिळाली तर तुझ्याकडे बटाटे काढायला येईन.

तुझं नाव मी घेणार नाही, आईचंही नाही. पण आई ऐकत नाही. पाणी का ओततात हे बाईंना ती स्वतः समजावणार आहे, ब्लाउजही इस्त्री करून ठेवलाय. तिला फोन करून आवर, तुझंच ऐकते.

अक्षराला हसू नकोस. नोकरी राहो न राहो, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
झोर्नित्सा

ता. क. बाईंकडून बैठकीतली पहिली पाच मिनिटं मागून घेतली आहेत, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. कामेनलाही हजर राहायला सांगितलंय. बैठक सोमवारी आहे, ९ ऑक्टोबरला.