मोरिबुंडा म्हणजे मेलेली नव्हे

अण्णा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली.

हलसूरच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून मला लॅटिन शिकवताय. मुलींच्या शाळेत तो विषय नव्हता. पण छावणीतल्या मिशन शाळेत तुम्ही तो मुलांना शिकवायचात, म्हणून मलाही यायलाच हवा. मी ‘मोरिबुंडा’चा अर्थ ‘मेलेली’ सांगितला आणि पाठीत धपाटा बसला. “मेलेली ती मोर्तुआ. ही अजून मरतेय. मोरिओर म्हणजे मरणे. त्याला ‘बुंडुस’ लागला की क्रिया चालू आहे, संपलेली नाही. बाप्या असेल तर मोरिबुंडुस, बाई असेल तर मोरिबुंडा. आपल्या ‘मरणा’चंच भावंड हे. आणि हे क्रियापद दिसतं कर्मणी, पण अर्थ कर्तरी. ज्याचं मरण त्यानेच—”

तेवढ्यात किंकाळी आली. शेजारचा सुतार दारू पिऊन बायकोला मारायचा, ते गल्लीला रोजचंच. त्या संध्याकाळी त्याने कोयता घेतला होता. ती धावत आली आणि आपल्या उंबऱ्यावर पालथी पडली. खांद्यापासून मानेपर्यंत मांस उघडं, रक्त पायरीवरून गटारात. तो मागे उभा, धापा टाकत. समोरचा दुकानदार कानडीत ओरडला, “मेष्ट्रे, मुट्टबेडी! मास्तर, हात लावू नका. संपली ती, पोलिसांना येऊ द्या.”

तुम्ही तिच्या नाकाशी बोटं धरलीत. “संपली नाही, मरतेय! टांगा आणा!” तुम्ही तिच्यावर ओणवे झालात आणि दुसरा वार तुमच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं पायरीवर पडली. आई चुलीवरचा तापलेला तवा घेऊन धावली आणि तो तिने त्याच्या तोंडावर हाणला. जळलेल्या कातडीचा वास मला अजून येतो. मग गल्लीला धीर आला. त्याला सगळ्यांनी इतकं तुडवलं, की टांग्यातून तुम्हीच ओरडत होता, “सोडा त्याला, तोही मरेल!”

ती वाचली, मान कायमची वाकडी झाली. तो तुरुंगातून परत आलाच नाही. तुम्ही डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकलात.

तुम्ही गेलात तेव्हा मी म्हैसूरहून पोचले, तर ती आधीच तुमच्या पायाशी बसलेली. “अप्पा, अप्पा” म्हणून माझ्याहून मोठ्याने रडत होती. बायका तिलाच मुलगी समजून सावरत होत्या. मला तिचा राग आला, अण्णा. अजूनही येतो. हे पाठवायला पत्ता असता, तर एवढं वाक्य मी खोडलं असतं.