आपली म्हणजे कोणाची

प्रिय प्रशिक,

जय भीम. पाकीट फोडल्याबरोबर तू आधी वकिलांची फाइल उलटून माझा शिक्का शोधशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र तिच्यावर ठेवलं आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बोलण्यात तुझ्याशी जिंकणार कोण? इतके लोक तुझं बोलणं ऐकायला रोज जमतात. आईसुद्धा तुझे व्हिडिओ लावून बसते. त्यातला गेममधल्या बंदुकांचा आवाज बंद कर म्हटलं तर चिडते, म्हणते, माह्या पोराचा आवाज कमी होते.

आईची शुगर आता बरी आहे. माझ्याशी मात्र ती धड बोलत नाही. संध्याकाळी मी इंदोऱ्याच्या घरी जाते, ती चहा ठेवते, कप समोर सरकवते आणि तोंड फिरवून भाजी निवडायला बसते. परवा एकदाच बोलली, “भावाले बुडवशील का वं तू?” तुझ्या वकिलांनी तिलाही फोन केला होता म्हणे. ऑक्सिजन लावून पडलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात त्यांनी तिला समजावलं की सगळं ताईच्या एका सहीवर आहे. हे त्यांनी करायला नको होतं. आईला यात ओढलं म्हणून मी त्यांच्यावर फार चिडले आहे, आणि तुला ते माहीत असेल तर तुझ्यावरही.

तुझी फाइल मी चार वेळा वाचली. माझा धंदाच तो. जन्मदाखले, सातबारे, घटस्फोटाचे कागद, मराठीतून इंग्रजीत करायचे आणि खाली लिहायचं की तर्जुमा खरा आहे. तुझ्या व्हिडिओंमधलं बोलणं डाव्या बाजूला मराठीत, उजवीकडे इंग्रजी आधीच तयार, आणि शेवटी माझ्या सहीपुरती जागा. वर एक चिठ्ठी लावलेली होती: मॅडमचं आडनाव लग्नानंतर बदललं आहे, तेव्हा नात्याचा उल्लेख करण्याची गरज नाही. ती चिठ्ठी वाचून मला आधी हसू आलं. तुझं त्या जुगाराच्या साइटशी असलेलं मालकीचं नातं लपवलं म्हणून तर तुझ्यावर तक्रार झाली, आणि ती मिटवायला आता माझं तुझ्याशी असलेलं नातं लपवायचं.

पहिल्या चौकशीत तू सुटलास तेव्हा आईने पेढे वाटले. मी पण खाल्ला. जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या दिल्लीच्या समितीने तुला आणि तुझ्यासारखेच व्हिडिओ करणाऱ्या त्या दोन हिंदीवाल्यांना नुसती समज देऊन सोडलं, आणि त्याच संध्याकाळी तू “क्लीन चिट” म्हणून नाचत व्हिडिओ टाकलास. त्यांनी व्हिडिओ काढून टाकले होते म्हणून ते सुटले. तू का सुटलास ते मला फाइल वाचून कळलं. तू एका शब्दावर सुटलास. प्रत्येक व्हिडिओत साइटवरचं पैजेचं चक्र फिरवण्याआधी तू म्हणतोस, “काहून टेन्शन घेऊन राहिले गा? आपलीच साइट हाय, बिनधास्त लावा.” दिल्लीत कोणीतरी त्याचं इंग्रजी “अवर ओन साइट” असं केलं. समिती म्हणाली, साइट स्वतःची आहे हे या माणसाने उघडपणे सांगितलं आहे, मग लपवलं काय? आता अपिलात तेच इंग्रजी माझ्या शिक्क्याने खरं ठरवायचं आहे.

इंग्रजी बिचारीकडे आपली आणि आमची यांना मिळून एकच शब्द. त्यात समितीचा काय दोष? पण तुझा आहे, कारण हा फरक तुझ्याइतका कोणालाच कळत नव्हता. आठवतं का, बाबांनी मला सायकल घेऊन दिली तेव्हा तू पहिलीत होतास. माझ्या सायकलला तू पहिल्या दिवसापासून “आपली सायकल” म्हणायला लागलास. मग तुला क्रिकेटची बॅट मिळाली. गल्लीतली पोरं मागायला आली की दारातच सांगायचास, “आमची हाय, देत नसतो.” आणि मी मागितली तर “माही हाय.” बाबा हसून म्हणायचे, हे पोरगं व्याकरण शिकूनच जन्माला आलं. देवाजी मास्तरांचा मुलगा तू, शेवटी.

आता रितिकाबद्दल सांगते. भिवापूरच्या सिंधूताईंची मुलगी. दर उन्हाळ्यात मिरची घेऊन येतात त्या सिंधूताई, ज्यांच्या पिशवीने आपण सगळे शिंकत सुटायचो. रितिका रामदासपेठेत नर्सिंगच्या होस्टेलवर होती. होती म्हणते, कारण फीचे पैसे तिने तुझ्या साइटवर लावले. ती आधी नुसता गेम खेळायची. मग तुझं बघून गेममधल्या बंदुकीची स्किन, म्हणजे नुसता रंगीत मुलामा, विकत घेतली, मग ती स्किन चक्रावर लावली की महागातली मिळते हे तू दाखवलंस. तुला दर वेळी मिळायची. तिला एकदा मिळाली आणि मग नाहीच. कॉलेजने वर्ष अडवलं. घरी तिने अजून सांगितलेलं नाही, सिंधूताई गावात सांगत फिरतात की पोरगी पुढच्या वर्षी सिस्टर होणार. पहिली तक्रार तिचीच होती, आणि त्या समजपत्रावर अपील केलं तेही तिनेच. तुला माहीत होतं का?

ती माझ्याकडे आली होती. तुझी फाइल टेबलावर असतानाच आली. मी घाईघाईने तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं. तिला तिचं मराठी अपील इंग्रजीत करून हवं होतं. मी म्हटलं, अगं, मी त्याची सख्खी बहीण आहे, दुसऱ्या कोणाकडे जा. तर म्हणते, “माहीत हाय ना ताई. तुम्ही आपल्याच म्हणून तं आली.” मग खाली बघून म्हणाली, “दादा पण आपलेच होते. आपल्या घरच्यासारखे बोलत, म्हणून तं लावले मी.” मला तिच्याकडे बघवेना. पाणी दिलं. पेला टेबलावर ठेवताना कलंडला आणि पाणी वर्तमानपत्रातून तुझ्या फाइलवर झिरपलं. पहिल्या पानावरचा डाग त्याचा आहे, वकिलांना सांग.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बुद्धपौर्णिमेचं जेवण फिरतं आहे. तू नवी गाडी घेऊन आला होतास. आई खीर वाढत होती. माझ्या अंकितने कौतुकाने मोबाईल काढला आणि म्हणाला, मामा, मी पण तुझ्या साइटवर अकाउंट उघडू का? तू चमचा खाली ठेवलास. म्हणालास, “नाही गा. थे आमची साइट हाय, माही अन् विक्रमची. जिंकायचं अकाउंट फक्त माहं हाय. घरातल्या कोणी तिथं जायचं नाही.” आम्ही सगळे हसलो. आई म्हणाली, किती जपतो पोरगा घरच्यांना. आम्हाला आमची आणि रितिकाला आपली! प्रशिक, तुझं व्याकरण त्या दिवशीही चुकलं नव्हतं.

मला तुझी भीती वाटत नाही, तुझ्याबद्दल वाटते. दंड होईल, चॅनल बंद होईल, विक्रम हात वर करून मोकळा होईल, हे सगळं मला दिसतं. आई कदाचित वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. बाबा असते तर मी त्यांना विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून त्यांच्या खुर्चीत बसून मीच ठरवलं, आणि ठरवल्यावर रडले.

फाइल कोरी परत पाठवते आहे, शिक्का नाही. आज दुपारी मी समितीला माझं निवेदन पाठवलं, आणि ते तुला वकिलांच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. निवेदनाची पहिली ओळ आहे, मी प्रशिकची बहीण आहे. दुसरीत लिहिलं आहे की मराठीत आपली म्हणजे बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांची. तिसऱ्या ओळीत बुद्धपौर्णिमेचं तुझं वाक्य आहे, जसंच्या तसं. शेवटी रिवाजाप्रमाणे “आपली विश्वासू” लिहायला गेले आणि हात थांबला, म्हणून नुसतीच सही केली. गुरुवारच्या सुनावणीला मराठी जाणणारा माणूस बसवा, अशी विनंतीही केली आहे. तो तुला विचारेल, साइट कोणाची? माझं वाक्य वाचून दाखवायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नकोस. तूच आधी सांग, लहानपणी बॅट धरून सांगायचास तसं: माही हाय. मग जे होईल ते होईल, तू इंदोऱ्याला ये. आईला मी समजावीन, अंकित तुझी खोली झाडून ठेवेल. ते घर आपलं आहे, आणि या वाक्याखाली मी केव्हाही शिक्का मारून देईन.

तुझीच,
मोनालीताई