राउटर माझ्या खोलीत

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. "आई, दार!"

साडी बदलायला दार लोटलं होतं, दोन मिनिटं. तेवढ्यात वायफाय तुटलं आणि हॉलमध्ये सूनबाईंची, ऋचाची, मीटिंग अडकली. निखिलने येऊन दार उघडलं आणि त्याला आपलं डंबेल टेकवून गेला.

चूक माझीच. इंटरनेटच्या फायबरची वायर माझ्या खोलीतून आली, तेव्हा "राउटर लावा इथेच, मला काय त्रास" असं मीच म्हटलं. स्टूलही मीच आणून दिलं. जाताना लावणारा म्हणाला, "आंटीजी, बस दरवाज़ा खुला रखना." मी हसून "बिल्कुल" म्हटलं. बिल्कुल काय, बिल्कुल!

दिल्लीत, करोल बागेत, दोन खोल्यांत सात माणसं होतो. माझ्या वाट्याला दार कधी आलंच नाही, पडदा होता. गुरुग्रामला आले ती निखिलच्या एका वाक्यावर, "आई, तुला स्वतंत्र खोली." पहिल्या दिवशी कडी लावून नुसती बसून राहिले होते.

राउटर हलवा म्हटलं, तर ऋचा गोड आवाजात विचारते, "पण आई, तुम्हाला दार लावून करायचं काय असतं?"

खरंच, काय असतं?

हे बाथरूममध्ये लिहितेय, उलट्या बादलीवर बसून. कडी लावलीय. या दाराने कुणाचं काही अडत नाही.

आत्ताच निखिलने बाहेरून विचारलं, "आई, बरी आहेस ना? फार वेळ झाला."

पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

उद्याही बिघडेल.