फॉर्मची मागची बाजू

आई, आज मी चक्क अर्धा तास गप्प बसले, आणि तेच माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ठरलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असतीस तर म्हणालीच असतीस, "तू आन् गप? न्हाय पटत."

वळ गावातल्या एका गोदामात पॅकिंग करणाऱ्या बायकांचा अभ्यास करतेय मी. चाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन गेले होते. पिण्याच्या पाण्याची सोय आहे का? सगळ्याजणी 'होय' म्हणाल्या, कूलर तर समोरच होता. मग त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने फॉर्म उलटा केला. "मॅडम, मागं कोराच हाय. हितं आमी इचारू का?" आणि तिनेच बाकीच्यांना विचारलं, "ड्युटीवर पाणी कोण कोण पितंय गं?" कुणीच नाही! संडास पार यार्डाच्या टोकाला, ट्रक लागतात तिथे, दाराला कडी नाही. मी चाटच पडले. तिथून पुढे अभ्यास त्यांचा झाला. काय मोजायचं, कसं, कुणाला सांगायचं, सगळं त्यांनी ठरवलं. घरून भरून आणलेल्या बाटलीवर शिफ्ट सुटताना, पाणी उरलं असेल तिथे नेलपॉलिशची रेघ मारायची. आज त्या बाटल्या मॅनेजरच्या टेबलावर ओळीने उभ्या राहिल्या. लाल रेघा सगळ्या बाटलीच्या गळ्याशी. त्याने मलाच विचारलं, "मॅडम, ये क्या है?" उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. "उनको नहीं, हमको पूछो," ती बाई म्हणाली. आणि तो उठला गं! त्यांच्यामागून संडासापर्यंत चालत गेला. कडी आज संध्याकाळीच बसली. पॅकिंगच्या हॉलशेजारी नवा संडास बांधायचं त्याने लिहून दिलंय, आणि तो कागद त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मला नुसतं नाचावंसं वाटतंय.

कॉलेजातल्या पहिल्या सर्व्हेचा पहिला फॉर्म तुझा होता. तू लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून आलेली, भाकरी थापतेयस, मी पेन घेऊन शेजारी उभी. "सगली उत्तरं तुलाच ठाव हायत, मंग मला कशाला इचारतेस?" तू चिडलीस, मीही फुरंगटले. रोज कामावरून आलीस की चप्पल काढायच्या आधी, उभ्या उभ्या, दोन तांबे पाणी घटाघटा प्यायचीस. मी रोज बघायचे. तो फॉर्म आज ट्रंकेतून काढला. मागची बाजू कोरी होती, तिथेच हे लिहितेय, आणि पुन्हा ट्रंकेतच ठेवून देईन. पुढच्या बाजूला, कामाच्या जागी पाण्याची सोय, या प्रश्नापुढे 'होय'वर खूण आहे. ती खूण, आई, तू घरी यायच्या आधीच मी करून ठेवली होती.